ओट्याच्या कोपऱ्यातलं वर्तुळ

आमचे तात्या कुणाच्याही घरी गेले की आधी लादी बघायचे, मग माणसं. दारात चपला काढायच्या, मान तिरकी करायची, एक डोळा मिटायचा आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या रेषेत जमीन न्याहाळायची. कधी कधी तर वाकून हाताची उलटी बाजू लादीवर टेकवायचे. नवख्या माणसाला वाटायचं, केवढे संस्कार, घराला नमस्कार करताहेत. नमस्कार कसला! लादी खरखरीत आहे की गुळगुळीत, ते बघत असायचे.

तात्या म्हणजे माझे सासरे. एकदा माझ्या धाकट्या भावासाठी मुलगी बघायला आम्ही मालाडला गेलो होतो. घरातलं वडीलधारं माणूस म्हणून तात्यांना बरोबर नेलं. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. आम्ही सगळे तिच्याकडे बघतोय, आणि तात्या एक डोळा मिटून दिवाणाखाली बघताहेत. मुलीची आई घाबरली. "काही पडलं का तुमचं?" तात्या म्हणाले, "नाय, नाय. बघतंय." जिना उतरताना त्यांनी निकाल दिला, "कोपरे बघितलंस, सूनबाय? एक काळी रेघ नाय. पोरगी खाली बसान हातान पुसता, पायान फडको फिरवणारी नाय. होय म्हणान सांग."

लग्न झालं. भावजय स्वभावाने झकास निघाली, पण पहिल्याच दिवाळीत तिने हसत हसत सांगून टाकलं की माहेरी लादी तिचे वडील पुसायचे. मी तात्यांना टोमणा मारला, "बघा, कोपरे बघून केलेली सून!" ते जराही हलले नाहीत. "मगे बापूस चांगलो. बापाक बघून पोरगी केली, ह्यात काय वायट झाला?"

आता हे लादीचं वेड आलं कुठून, ते सांगते. तात्या गिरणीत होते, कॅलेंडर खात्यात. माझं लग्न ठरलं तेव्हा आईने मला हेच सांगितलं होतं, मुलाचे वडील कॅलेंडर खात्यात आहेत. मी आपली खूश, दर वर्षी घरात फुकट कॅलेंडर! लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात मी लाजत लाजत त्यांना विचारलंसुद्धा, "तात्या, यंदाचं कॅलेंडर कधी आणणार?" ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. कॅलेंडर म्हणजे गिरणीतलं भलंमोठं यंत्र, हे मला तेव्हा कळलं. त्याच्या तापलेल्या रुळांमधून कापड गेलं की त्यावर चमक चढते. तीस वर्षं तात्यांनी कापडाला चमक आणली. दुकानात आपण ज्या पॉपलीनवरून हात फिरवून "वा" म्हणायचो ना, ती "वा" तात्यांची.

मग संप झाला. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात गिरणीचा माणूस होता त्यांना त्याच्याबद्दल वेगळं सांगायला नको. आधी आठवडे मोजले, मग महिने, मग मोजणंच सोडलं. लालबागची खोली गेली आणि आम्ही बोरिवलीला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला आलो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळे घरात मी, हे, आमची दोन वर्षांची वैशाली आणि तात्या. ब्लॉक लहान, पण जमिनीला हिरवट कोट्याची लादी आणि स्वयंपाकघरात काळ्याभोर कडाप्प्याचा ओटा. चाळीत मी जमिनीवर बसून स्टोव्हवर स्वयंपाक केलेली बाई. उभ्याचा ओटा मिळाला म्हणजे मला राज्य मिळालं. हे तर येईल त्या पाहुण्याला आधी स्वयंपाकघरात नेऊन ओटा दाखवायचे.

तात्या मात्र गॅलरीतल्या खुर्चीत बसून असायचे. समोर नवीन इमारती उठत होत्या, त्या बघायचे. दिवसाकाठी दोन शब्द. "चहा?" विचारलं तर "चलात", "जेवता?" विचारलं तर "वाढ". त्यांच्या पलंगाखाली पत्र्याची ट्रंक होती, तिला काथ्याची दोरी घट्ट बांधलेली. लालबागहून आल्यापासून त्यांनी ती सोडलीच नव्हती. अंगावरचे दोन कपडे आळीपाळीने धुऊन घालायचे. माणूस आपल्याच मुलाच्या घरात पाहुण्यासारखा राहत होता.

एके दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "रविवारची एस.टी. सांगून इलंय. मी गावाक जातंय."

"किती दिवसांसाठी?" यांनी विचारलं.

"हय बसान काय करू? थंय निदान आपला घर असा."

आपलं घर म्हणजे काय, तर चुलत्यांच्या वाटणीत उरलेली एक पडवी. गावात जवळचं कुणी नाही, तात्यांना स्वतःचा चहा करता येत नाही, आणि गिरणीच्या धुरळ्याने छातीत कायमचा खोकला. हा माणूस गेला तर परत येणार नाही, हे मला कळत होतं. यांनाही कळत होतं. पण बाप-लेक एकमेकांशी बोलतील तर शपथ. हे म्हणाले, "तुमची मर्जी." तात्या म्हणाले, "होय." झालं. मी आत येऊन भांडी आपटली, त्याने काही फरक पडला नाही.

शनिवार उजाडला. गावाहून कुणीतरी आमसुलं आणि आगळाची बाटली पाठवली होती. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, आमच्या सोलकढीचा जीव. तात्यांच्या शेवटच्या जेवणाला सोलकढी करायची म्हणून मी बाटली काढली, तिचं बूड ओलं, ती ठेवली ओट्याच्या कोपऱ्यात. आणि आमटीतून काढलेली जुनी आमसुलं होती, त्यांनी देवाची तांब्या-पितळेची भांडी घासायला घेतली. आमच्याकडे सगळ्या बायका हेच करतात, आमसुलांनी तांबं कसं लखलखतं. घासता घासता खालून कुणीतरी ओरडलं, "रॉकेल आलं गं!" मी आमसुलांचा ढीग तसाच ओट्यावर टाकला, वैशालीला काखेत घेतली, डबा उचलला आणि पळाले.

दोन तासांनी परत आले. आमसुलं उचलली, तर काळ्या ओट्यावर ताटाएवढा पांढुरका डाग. बाटली उचलली, तर तिच्याखाली गोल वर्तुळ. मला वाटलं, राप बसला. राखेने घासलं, जाईना. मग आपण बायका काय करतो? लिंबू! अर्धं लिंबू घेऊन मी तो डाग असा रगडला की विचारू नका. पाणी मारलं, तर डाग दुप्पट. वाट लागली. यांचा ओटा, माझं राज्य, आणि त्यावर कोड फुटल्यासारखं. मी तिथेच खाली बसले आणि रडायला लागले. खरं सांगायचं तर ओट्यासाठी एवढं कोण रडतं? आठवडाभराचं साचलेलं होतं, ते बाहेर पडलं.

तात्या दारात येऊन उभे राहिले. एक डोळा मिटला. मान तिरकी केली.

"काय लावलंस?"

"आमसुलं."

"आणि?"

"राख."

"आणि?"

"लिंबू," मी म्हटलं आणि आणखी जोरात रडले.

"अगो बाय माझे," तात्या म्हणाले, "तांब्याचा औषध दगडाक दिलंस? दगडाक आंबट चालत नाय. ह्या दगडात चुनो असता. आंबट तेका खाता. हो डाग नाय गो, ही जखम."

एका दमात इतके शब्द मी त्यांच्या तोंडून वर्षभरात ऐकले नव्हते. मी रडायची थांबले. मग त्यांनी सांगितलं की गिरणीत त्यांच्या शेजारी ब्लीच खातं होतं, तिथे कापड ॲसिडमधून काढायचे, आणि जिथे थेंब गळायचे तिथल्या लाद्यांना खड्डे पडलेले. नव्या माणसाला तिथला जॉबर, म्हणजे मुकादम, आधी ते खड्डे दाखवायचा, मग काम.

"निघेल का हो?"

तात्यांनी हाताची उलटी बाजू ओट्यावर फिरवली. "निघात. पण नुसतो डाग काढून चालाचा नाय. तितकोच घासलो तर थंयची चमक येगळी दिसात. तागो खराब झालो तर अख्खो तागो परत मशिनीवर घालूचो लागता. सगळो ओटो घासूक होयो."

"पण तात्या, उद्याची एस.टी.?"

तात्या दाराकडे वळले. चपला घालून खाली उतरले. मागच्या प्लॉटवर लाद्यांना पॉलिश करायचं मशीन चालू होतं, तिथून झिजून टाकलेले पॉलिशचे दगड त्यांनी मागून आणले. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिशपेपर आणले, खरखरीत ते मऊ असे चार तऱ्हेचे. आणि सदरा काढून, बनियनवर, त्यांनी ओट्याला हात घातला.

रविवारची एस.टी. रविवारी गेली. तात्या तेव्हा ओट्यावर पाणी मारत होते.

पहिल्या दिवशी त्यांनी अख्खा ओटा पांढराफटक करून टाकला. हे कामावरून आले आणि बघतच राहिले. "तात्या, अहो, होता तो बरा होता! मिस्त्री बोलावला असता."

"मिस्त्री डाग बघतलो. मी तागो बघतंय," तात्या म्हणाले. "तू भायर बस."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाहेर बसा." कितीतरी महिन्यांनी बापाने लेकाला दटावलं होतं, मला ते सोडायचं नव्हतं.

चार दिवस मी पुन्हा चाळीतल्यासारखी जमिनीवर बसून स्वयंपाक केला. तात्या दगड फिरवताहेत, मी पाणी मारतेय, वैशाली त्या राखाडी चिखलात बोटं बुडवतेय. खरखरीत कागद झाला की मधला, मधला झाला की मऊ. प्रत्येक वेळी ओटा स्वच्छ धुवायचा, कारण "आधीचो एक कण ऱ्हवलो तरी रेघ मारता". चौथ्या दिवशी ओटा कोरडा करून त्यांनी मला बोटभर खोबरेल मागितलं. ट्रंकेची दोरी सोडली आणि आतून पॉपलीनचा एक तुकडा काढला. गिरणीतला, त्यांच्याच हाताखालून गेलेला. "ह्या कापडाक खळ नाय, सुताचो कचरो नाय," म्हणाले, आणि त्याने तेल चोळायला लागले. हात फिरेल तिथे काळा रंग वर येत गेला. शेवटी ओट्यात खिडकी दिसायला लागली, खिडकीच्या गजांसकट.

फक्त कोपऱ्यातलं बाटलीचं वर्तुळ तसंच होतं.

"तात्या, एवढं राहिलं की."

"ऱ्हवांदे," ते म्हणाले. "ता मागाहून काढतंय."

ती काथ्याची दोरी त्यांनी दुसऱ्या दिवशी गॅलरीत बांधली, पुसायची फडकी वाळत घालायला. मी ते बघितलं. आणि आत जाऊन देवापुढे साखर ठेवली.

त्यानंतर आमचा एक खेळच होऊन बसला. दर सहा महिन्यांनी, कधी यांच्याशी खटका उडाला की, तात्या म्हणायचे, "आता मी गावाक जातंय." मी शांतपणे म्हणायचे, "जा की. पण ते वर्तुळ तेवढं राहिलंय बघा." ते ओट्याकडे बघायचे, एक डोळा मिटायचे, आणि म्हणायचे, "होय गो, ता ऱ्हवला. ता काढून मगे जाईन." की संपला विषय. चार दिवसांत अख्खा ओटा उजळणाऱ्या माणसाला ते बाटलीच्या बुडाएवढं वर्तुळ काढायला किती वेळ लागला असता? मलाही माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. आम्ही दोघांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही. महिन्याभरात ते "लादीवाले तात्या" झाले. तळमजल्याच्या मंजूबेनने हॉलमध्ये पांढराशुभ्र संगमरवर घातला होता आणि त्यावर तेलाचा डाग पडला. दारावर ॲसिडवाला यायचा ना, पिवळ्या बाटल्या विकत, त्याच्याकडून तिने बाटली घेतली. तात्या जिना उतरत होते, त्यांना वास आला. तडक आत गेले आणि अनवाणी पायांनी त्या डागावर उभे राहिले.

"तात्याजी, बाजूला व्हा ने, हूं साफ करते," मंजूबेन म्हणाली.

"ओत. माझ्या पायार ओत. माझो पाय बरो होईत, लादी व्हायची नाय."

बिचारीने बाटली तशीच मोरीत ठेवली. मग तात्यांनी तिच्या मुलांच्या पाटीवरचे खडू मागितले, कुटून त्यांची पूड केली, भिजवून डागावर जाड लेप दिला आणि वर ताट झाकलं. दोन दिवसांनी लेप वाळून उचलला, तर त्याने तेल शोषून घेतलेलं. तेव्हापासून मंजूबेन दर दिवाळीला त्यांना घुघरे, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्या, पाठवायची, आणि तात्या वाकून आधी तिची लादी बघायचे, मग डबा घ्यायचे.

त्यांचं एक सांगणं मी अजून पाळते. म्हणायचे, "दगड पिता गो. तेका तहान असता. तू पाणी दिलंस नाय तर तो हळद पिईत." म्हणून सकाळी उठल्यावर फोडणी-बिडणी करायच्या आधी ओट्यावरून साध्या पाण्याचा हात फिरवायचा. दगडाचं पोट पाण्याने भरलं की वर सांडलेलं आत शिरत नाही. आणि पुसायचं ते एकाच दिशेने, उभ्या धाग्याने. मी आडवातिडवा हात मारला की खुर्चीतून आवाज यायचा, "सुरकुती पाडतंस!" दगडाला सुरकुती! पण सहा वर्षांत माझाही हात तसाच वळला.

पुढे त्यांचे गुडघे गेले, मग खोकला वाढला. खाली बसणं बंद झालं. स्टुलावर बसून हुकूम सोडायचे आणि बिल्डिंगच्या सुना निमूट ऐकायच्या. वैशाली शाळेत जायला लागली होती, मीही सकाळी जवळच्या बालवाडीत शिकवायला जायचे.

एके दिवशी दुपारी घरी आले, तर स्वयंपाकघरात राखाडी पाण्याचे ओघळ. तात्या ओट्याशी स्टूल घेऊन बसलेले, बनियनवर, दम लागलेला, बोटांची टोकं करडी झालेली. समोर तो पॉपलीनचा तुकडा. मी कोपऱ्याकडे बघितलं. वर्तुळ नव्हतं. काळाभोर दगड, आणि त्यात खिडकी.

मी पर्स तिथेच जमिनीवर टाकली.

"तात्या, हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला करायला?"

"ऱ्हवला होता ना, सूनबाय."

"राहू दे की! कोण मागत होतं?"

"अर्धा काम टाकून जाऊचा नाय," ते म्हणाले. आणि हसून म्हणाले, "बघ, खंय जोड दिसता काय?"

मी मान तिरकी केली, एक डोळा मिटला. काय दिसणार? डोळे भरलेले. "नाही दिसत," म्हटलं. त्यांचे हात कोमट पाण्याने धुतले. नखांतलं करडं काही निघालं नाही.

पाचव्या दिवशी, दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. हे ट्रंक उघडायला गेले, काही कागदपत्रं असतील म्हणून. आत लादीची फडकी, पॉलिशचे दगड, वैशालीने काढलेलं एक चित्र. गावाला न्यायचं असं काहीच नव्हतं.

तेराव्याला गावाहून माणसं आली, त्यांनी आगळाची बाटली आणली. सगळे पांगल्यावर मी ती उघडली. मुद्दाम थोडं आगळ बाटलीच्या बाहेरून ओघळू दिलं, बूड चांगलं ओलं होऊ दिलं, आणि ओट्याच्या त्याच कोपऱ्यात बाटली ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी उचलली. वर्तुळ होतं, पहिल्यासारखंच गोल.

आता आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या घरी ग्रॅनाइट आलंय. लिंबू पिळा, आमसूल टाका, त्याला काही होत नाही. वैशाली आली की म्हणते, "आई, किती जुना झालाय ओटा. निदान तो कोपऱ्यातला डाग तरी पॉलिशवाल्याकडून काढून घेऊया."

मी आमटीत आमसूल टाकत म्हणते, "ऱ्हवांदे."